हिब्रू शब्द मुळासकट कसे शिकावेत

हिब्रूतली जवळजवळ सगळी क्रियापदं आणि बरीचशी नामं तीन व्यंजनांच्या मुळावर उभी असतात. या मुळाला हिब्रूत 'शोरेश' म्हणतात. झाडाच्या मुळालाही हाच शब्द आहे. तीन व्यंजनं तीच राहतात, मधले स्वर बदलतात, मागेपुढे एखादं अक्षर जोडलं जातं आणि नवा शब्द तयार होतो. हे कळलं की शिकणाऱ्याला वाटतं, मुळांचा तक्ता पाठ केला की भाषा आली. इथेच घोटाळा होतो. तक्ता तोंडपाठ असलेल्या माणसाला टॉवेल मागता येत नाही. म्हणून आधी रोज कानावर पडणारे शब्द शिका, मग त्यांच्यातलं मूळ शोधा, आणि मूळ सापडल्यावर त्याच्या कुटुंबातले आणखी शब्द घ्या. हा क्रम उलटा करू नका.

इस्राएलमध्ये शुश्रूषेच्या किंवा बांधकामाच्या नोकरीसाठी निघालेले, तिथल्या विद्यापीठात दाखल होणारे, आणि प्रार्थनेपुरती हिब्रू कानावर असलेल्या अलिबाग, पेण, रेवदंडा भागातल्या बेने इस्राएली (कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यू) घरांतली नवी पिढी, या तिघांनाही हा क्रम उपयोगी पडेल. लेखात हिब्रू शब्द देवनागरीत दिले आहेत, कारण वाचायला तेच सोयीचं. वहीत मात्र लवकरात लवकर हिब्रू लिपीवर या. का, ते पुढे येईलच.

लिपी: आठ दिवसांचं काम

हिब्रूत २२ अक्षरं आहेत आणि सगळी व्यंजनं. त्यांतली पाच (काफ, मेम, नून, पे, त्सादी) शब्दाच्या शेवटी आली की वेगळ्या आकारात लिहितात. लेखन उजवीकडून डावीकडे. रोज तीन-चार अक्षरं घेतली तर आठवड्याभरात संपतात. एकसारखी दिसणारी अक्षरं मात्र जोडीनेच शिका आणि एकाखाली एक गिरवा: बेत आणि काफ, दालेत आणि रेश, हे आणि खेत, गिमेल आणि नून, सामेख आणि शेवटचा मेम. वाचनातल्या सुरुवातीच्या बहुतेक चुका याच पाच जोड्यांत होतात. छापील अक्षरं आल्यावर हाताने लिहायची वळणंही शिकून घ्या. दुकानातली हाती लिहिलेली पाटी, डॉक्टरांची चिठ्ठी, फ्रिजवरचा निरोप हे सगळं त्या वळणात असतं आणि ते छापील अक्षरांशी फारसं जुळत नाही.

स्वर दाखवणाऱ्या टिंब-रेघांना 'निकूद' म्हणतात. त्या प्रार्थनापुस्तकात, लहान मुलांच्या पुस्तकांत आणि कवितेत असतात. वर्तमानपत्रात, औषधाच्या डबीवर, बसच्या पाटीवर नसतात. निकूदवर महिनाभर विसंबून चालेल, त्यापुढे नको. निकूदशिवाय वाचता येतं ते मूळ आणि साचा ओळखल्यामुळेच.

उच्चारांत मराठी माणसाला एक मोठी सोय आहे. त्सादी या अक्षराचा उच्चार आपल्या 'चाक', 'चोर', 'चूल' यांतल्या च सारखाच आहे. वेगळा सराव लागत नाही. अडतो तो ख. हिब्रूतला ख हा 'खडू'मधला ख नाही. घसा खरवडून काढायचा, उर्दू बोलणारे 'खबर' म्हणताना काढतात तसा. तो नीट निघाला नाही तर 'लाखेम' (तुम्हाला) आणि 'लाहेम' (त्यांना) यांत फरक उरत नाही. फ सुद्धा 'फळ'मधला नाही, ओठ-दात टेकवून काढलेला आहे. ट, ठ, ड, ढ, ळ हे वर्णच नाहीत, त्यामुळे 'त' दिसला की दंत्य तच म्हणा.

आघाताकडे (उच्चारात दिलेल्या जोराकडे) लक्ष द्या, कारण मराठीत आघाताने अर्थ बदलत नाही आणि आपला कान तिकडे जात नाही. हिब्रूत तो सहसा शेवटच्या अवयवावर (एका दमात उच्चारल्या जाणाऱ्या तुकड्यावर) पडतो. 'ओखेल'मध्ये आघात शेवटी असला तर 'खातो', सुरुवातीला असला तर 'जेवण'. 'बिरा'मध्ये शेवटी आघात म्हणजे राजधानी, सुरुवातीला म्हणजे बीअर. वहीत आघात असलेल्या अवयवाखाली रेघ मारण्याची सवय पहिल्या दिवसापासून लावा.

पहिले शंभर शब्द: मुळाचा विचार न करता

दोन आठवडे, रोज आठ शब्द. यात सर्वनामं, प्रश्नशब्द, आकडे, घरातल्या वस्तू आणि पाच-सहा कामाची क्रियापदं असावीत.

सर्वनामं शिकताना चार शब्द आपल्याला फसवतात. 'आनी' म्हणजे मी, 'मी' म्हणजे कोण, 'ही' म्हणजे ती, 'हू' म्हणजे तो. मराठी कान 'आनी' ऐकून 'आणि' समजतो आणि वाक्याची सुरुवातच हुकते. हे चार शब्द सुटे पाठ करू नका, वाक्यातच घ्या: 'मी हू?' (तो कोण?), 'मी ही?' (ती कोण?), 'आनी पो' (मी इथे आहे).

आकड्यांत दोन, तीन, सहा, सात, आठ हे पाचही शब्द श ने सुरू होतात: श्तायिम, शालोश, शेश, शेवा, श्मोने. भाव ऐकताना गडबड होते ती यामुळेच. शिवाय आकड्यांनाही लिंग आहे. नुसतं मोजताना, बसचा किंवा फोनचा नंबर सांगताना स्त्रीलिंगी रूपं चालतात. शेकेल (इस्राएलचं चलन) पुल्लिंगी असल्याने किमतीत 'श्लोशा श्कालिम', 'खामिशा श्कालिम' असं म्हणायचं. गंमत अशी, की आकारान्त रूप दिसतं स्त्रीलिंगी आणि असतं पुल्लिंगी. बाजारात अनेकजण हा नियम पाळत नाहीत, पण समोरचा पाळणारा असेल तर दोन्ही रूपं ओळखता आली पाहिजेत.

क्रियापदांत आधी हे घ्या: 'रोत्से' (हवं आहे), 'त्सारिख' (गरज आहे), 'यखोल' (जमतं), 'एफ्शार' (शक्य आहे का, चालेल का). यांच्यापुढे कुठल्याही क्रियापदाचं 'ले-, ला-, लि-'ने सुरू होणारं रूप ठेवलं की वाक्य तयार. 'एफ्शार लिफ्तोआख खालोन?' म्हणजे खिडकी उघडली तर चालेल का? म्हणूनच प्रत्येक क्रियापद शिकताना हे 'ल'वालं रूप घेतल्याशिवाय पुढे जायचं नाही.

आणखी एक सोय आपल्याला आयती मिळते. 'मी शिकतो' आणि 'मी शिकते' असा भेद मराठीत आहे, तसाच हिब्रूतही: पुरुष 'आनी लोमेद' म्हणतो, बाई 'आनी लोमेदेत' म्हणते. रोत्से–रोत्सा, त्सारिख–त्सरिखा, यखोल–येखोला हेही तसंच. आपलं रूप पहिल्या दिवसापासून जिभेवर बसवा. आदरार्थी रूप मात्र नाही: आजोबांना, डॉक्टरांना, मालकाला सगळ्यांना 'आता' (बाईला 'आत'). संकोच वाटेल, पण तो सोडावा लागतो.

मूळ कसं पकडायचं: एक उदाहरण अगदी जवळून

समजा तुम्ही एखाद्या घरी आजारी माणसाची काळजी घेता. न्हाणीघरात 'मागेवेत' म्हणजे टॉवेल. शेजारी ओल्या पुसण्यांचं पाकीट असतं, त्यातली एक म्हणजे 'मागेवोन'. इस्राएली घरांत फरशी पाण्याने धुऊन ते पाणी लांब दांड्याच्या रबरी पट्टीने मोरीकडे ओढतात; धुण्याच्या या कामाला 'स्पोन्जा' म्हणतात आणि त्या पट्टीला 'मागाव'. मग कुणीतरी सांगतं, टेबल पुस: 'लेनागेव एत हाशुल्खान'.

चार शब्द झाले. आता थांबून बघा. मागेवेत, मागेवोन, मागाव, लेनागेव: सगळ्यांत ग आणि व आहेत, आणि सगळ्यांचा संबंध पुसण्याशी, कोरडं करण्याशी आहे. तिसरं अक्षर 'लेनागेव'मध्ये उघड दिसतं, ते नून. म्हणजे मूळ नून-गिमेल-बेत (बेतचा उच्चार इथे व होतो). वस्तूंच्या नावांत सुरुवातीचा नून पुढच्या अक्षरात विरून गेला आहे. नकाशावर दक्षिणेकडचं कोरडं वाळवंट 'नेगेव', तेही याच तीन अक्षरांचं.

कुठलंही मूळ अशाच रीतीनं गाठायचं. किमान तीन शब्द हाताशी आल्याशिवाय मूळ लिहायचं नाही. दोन शब्दांवरून काढलेलं मूळ पुष्कळदा चुकतं, कारण नून, योद, वाव, हे ही अक्षरं गळतात. 'योशेव' (बसतो) आणि 'लाशेवेत' (बसायला) यांत योद गळला, 'होलेख' (जातो) आणि 'लालेखेत' (जायला) यांत हे गळला, 'नोतेन' (देतो) आणि 'लातेत' (द्यायला) यांत तर दोन्ही नून गेले. वर्तमानकाळाचं रूप आणि 'ल'वालं रूप शेजारी-शेजारी लिहिलं की गळालेलं अक्षर लगेच दिसतं.

सुरुवातीला ही मुळं घ्या

दुकानाच्या गल्ल्यावर एकाच मिनिटात तीन मुळं भेटतात. 'मेझुमान ओ आश्राय?' म्हणजे रोख की कार्ड. 'मेझुमान'चं मूळ झायिन-मेम-नून: 'झ्मान' (वेळ), 'लेहाझ्मिन' (मागवणे, बोलावणे), 'हाझ्माना' (ऑर्डर, आमंत्रण), 'झामिन' (उपलब्ध). कार्ड दिलं की पुढचा प्रश्न असतो 'तश्लुमिम?', म्हणजे हप्ते करायचे का. नवख्याला वाटतं आणखी पैसे मागताहेत. तसं नाही, एकदम द्यायचे असतील तर 'एखाद' (एक) म्हणा. मूळ शिन-लामेद-मेम: 'लेशालेम' (पैसे देणे), 'शालेम' (पूर्ण), 'मुश्लाम' (परिपूर्ण), आणि 'शालोम'. पावतीला 'कबाला' म्हणतात, मूळ कूफ-बेत-लामेद: 'लेकाबेल' (मिळणे, स्वीकारणे), आणि शुक्रवारी संध्याकाळी शब्बाथचं (ज्यूंच्या साप्ताहिक विश्रांतीच्या दिवसाचं) स्वागत करणारी प्रार्थना 'कबालात शब्बात'.

दारावर आणि रस्त्यावर: पे-ताव-खेत वरून 'पातुआख' (उघडं), 'माफ्तेआख' (किल्ली), 'लिफ्तोआख'. सामेख-गिमेल-रेश वरून 'सागुर' (बंद), 'लिस्गोर'. दारावर 'म्शोख' लिहिलेलं असेल तर आपल्याकडे ओढा. त्याच मुळाचं 'मेशिखा' एटीएमवर दिसतं, 'मेशिखात मेझुमानिम' म्हणजे रोख काढणे. प्रवासाला नून-सामेख-आयिन: 'नोसेआ' (प्रवास करतो), 'लिन्सोआ', 'नेसिया तोवा' (प्रवास सुखाचा होवो), 'हासाआ' (कामावर नेणारी गाडी), 'मासाईत' (ट्रक).

कामावर: आयिन-बेत-दालेत वरून 'आवोदा' (काम), 'ओवेद' (काम करतो, कामगार), 'माआबादा' (प्रयोगशाळा). शिन-मेम-रेश वरून 'शोमेर' (पहारेकरी), 'लिश्मोर' (सांभाळणे), 'मिश्मेरेत' (पाळी, शिफ्ट), 'शिमुरिम' (डबाबंद अन्न). शुश्रूषेच्या कामात तेत-पे-लामेद अटळ आहे: 'मेतापेल' आणि 'मेतापेलेत' म्हणजे तुम्ही स्वतः, 'लेतापेल' काळजी घेणे, 'तिपुल' उपचार. सोबत रेश-पे-आलेफ: 'रोफे' (डॉक्टर), 'त्रुफा' (औषध), 'मिर्पाआ' (दवाखाना).

एवढी डझनभर मुळं महिन्याभरात, आठवड्याला तीनच्या गतीने. जास्त घेतली तर एकमेकांत मिसळतात.

मराठीत आधीच असलेली मुळं

अरबी आणि हिब्रू या एकाच कुळातल्या भाषा. अरबीतले शेकडो शब्द फारसीच्या वाटेने मराठीत रुळले आहेत. त्यामुळे हिब्रूची काही मुळं आपल्या तोंडात लहानपणापासून आहेत, आणि हा साठा मुद्दाम वापरावा.

'हिशोब' घ्या. हिब्रूत खेत-शिन-बेत: 'खेश्बोन' म्हणजे हिशोब आणि हॉटेलातलं बिलही ('खेश्बोन, बेवाकाशा' म्हटलं की बिल येतं), 'लाख्शोव' विचार करणे, 'मख्शेव' संगणक, 'खाशुव' महत्त्वाचं, 'खेश्बोनीत' व्यापारी बिल. 'किताब' आणि 'कातव' (त्याने लिहिलं) एकाच मुळाचे; त्यावरून 'मिख्ताव' (पत्र), 'क्तोवेत' (पत्ता), 'कताव' (बातमीदार). 'मुक्काम' आणि 'कायम' हे दोन्ही ज्या मुळाचे, त्याचेच हिब्रूत 'माकोम' (जागा), 'लाकुम' (उठणे), 'कयाम' (अस्तित्वात असलेलं). 'इमान' आणि 'अनामत' यांच्या घरचे 'एमुना' (श्रद्धा), 'नेएमान' (विश्वासू) आणि 'आमेन'. 'कबूल' वर आलेल्या 'लेकाबेल'चा भाऊ. 'जमाना' म्हणजे 'झ्मान', 'मुलूख' आणि 'मालिक' यांच्याशेजारी 'मेलेख' (राजा), 'तारीख' म्हणजे 'तआरीख', 'तर्जुमा' म्हणजे 'तिर्गुम'. 'रहम'चं मूळ हिब्रूत रेश-खेत-मेम. १७९६ साली मुंबईत मांडवी भागात उभ्या राहिलेल्या बेने इस्राएलींच्या सिनेगॉगचं (ज्यू प्रार्थनास्थळाचं) नाव 'शाआर हाराखामिम', म्हणजे दयेचं द्वार, यातही तेच आहे.

दोन बदल लक्षात ठेवले की ओळख पटते. अरबीतल्या स च्या जागी हिब्रूत पुष्कळदा श येतो (सलाम–शालोम, हिसाब–खेश्बोन), आणि लांब आ च्या जागी ओ (सलाम–शालोम, मकाम–माकोम).

पण सगळ्या सारख्या दिसणाऱ्या शब्दांवर विश्वास ठेवू नका. 'तालीम' आणि 'तल्मिद' (विद्यार्थी) यांचा संबंध नाही: पहिल्याचं अरबी मूळ वेगळं, दुसऱ्याचं लामेद-मेम-दालेत. 'साखार' ऐकून साखर समजू नका. तो पगार, मोबदला. साखर म्हणजे 'सुकार', आणि तो शब्द मूळच्या आपल्याकडच्या 'शर्करे'पासून फारसी-अरबी करत तिकडे पोचला आहे.

साचे: मुळाच्या जोडीचं अर्धं गणित

मूळ विषय सांगतं, साचा प्रकार सांगतो. नामाच्या साच्याला 'मिश्काल' म्हणतात. सगळे साचे शिकायची गरज नाही, तीन-चारच भरपूर कामाचे आहेत.

मा–ए असा साचा बहुतेक वेळा हत्यार किंवा साधन दाखवतो: माफ्तेआख (किल्ली), माझ्लेग (काटा), मास्रेक (कंगवा), मख्शेव (संगणक), माव्रेग (स्क्रू ड्रायव्हर, 'बोरेग' म्हणजे स्क्रू). दोन्ही स्वर आ असलेला साचा धंदा सांगतो: नाहाग (चालक), तबाख (आचारी), नगार (सुतार), सपार (न्हावी), गनान (माळी). मि ने सुरू होणारे पुष्कळ शब्द जागेचे: मित्बाख (स्वयंपाकघर), मिस्राद (ऑफिस), मिर्पाआ (दवाखाना), मिस्आदा (उपाहारगृह).

आजारांचा साचा शुश्रूषेच्या कामात फार उपयोगी आहे. आ-ए-एत असा नाद ऐकू आला की आजाराचं नाव असण्याचा संभव मोठा. 'त्साहोव' म्हणजे पिवळा, 'त्साहेवेत' कावीळ. 'केलेव' कुत्रा, 'कालेवेत' रेबीज. नून-झायिन-लामेद हे गळण्या-वाहण्याचं मूळ, त्यावरून 'नाझेलेत', सर्दी. 'सुकार'वरून मधुमेह: बोलताना 'सुकेरेत' ऐकू येईल, कारण सुकारमधला उ तसाच राहिला आहे.

साचे कळल्यावर स्वतः शब्द बनवायचा मोह होतो. तो आवरा. बेत-शिन-लामेद हे शिजवण्याचं मूळ आहे म्हणून कुणी शेगडीला 'माव्शेल' म्हणेल. असा शब्द लोक वापरत नाहीत, शेगडी म्हणजे 'किरायिम'. साचा ऐकलेला शब्द समजून घेण्यासाठी आहे. नवे शब्द घडवायचं काम आधी एलिएझेर बेन-येहुदांसारख्या (१८५८–१९२२) लोकांनी केलं, 'मिला' (शब्द) वरून 'मिलोन' (शब्दकोश) त्यांचाच. आज ते काम हिब्रू भाषा अकादमी करते.

क्रियापदांचे सात साचे, त्यांतले चार आधी

क्रियापदाच्या साच्याला 'बिन्यान' म्हणतात. एकूण सात: पाअल, निफ्आल, पिएल, पुआल, हिफ्ईल, हुफ्आल, हित्पाएल. पुआल आणि हुफ्आल कर्मणी आहेत, ते बातम्या वाचायला लागेपर्यंत बाजूला ठेवा. निफ्आल ऐकू आला की ओळखा एवढंच. बोलायला पाअल, पिएल, हिफ्ईल, हित्पाएल पुरतात.

मराठीत प्रयोजक क्रियापद आहे, त्यामुळे हिफ्ईल समजायला जड जात नाही. 'ओखेल' खातो, 'माआखिल' भरवतो. 'लोवेश' कपडे घालतो, 'माल्बिश' दुसऱ्याला कपडे घालतो. 'झोखेर' आठवतो, 'माझ्किर' आठवण करून देतो. शिकणं–शिकवणं ही जोडी मात्र हिफ्ईलमध्ये नाही, पिएलमध्ये आहे: लोमेद, मेलामेद. शिवाय प्रत्येक हिफ्ईल प्रयोजक नसतो. 'मार्गिश' म्हणजे वाटतं, जाणवतं. 'माम्शिख' म्हणजे पुढे चालू ठेवतो (मूळ तेच ओढण्याचं, मेम-शिन-काफ). म्हणून साच्यावरून अंदाज बांधा आणि कोशात खात्री करा.

हित्पाएल स्वतःवर केलेली क्रिया सांगतो: 'मित्लाबेश' स्वतः कपडे घालतो, 'मित्कालेआख' शॉवर घेतो. मूळ स किंवा श ने सुरू होत असेल तर 'त' उडी मारून त्याच्यामागे जातो: सामेख-रेश-कूफ वरून 'मित्सारेक' नव्हे तर 'मिस्तारेक' (केस विंचरतो), शिन-मेम-शिन वरून 'मिश्तामेश' (वापरतो). हा नियम माहीत नसला की कोशात तासभर भलतंच मूळ शोधत बसावं लागतं.

नेहमी होणारे घोळ आणि त्यांची कारणं

पहिला घोळ ब-व, क-ख, प-फ यांचा. बेत, काफ, पे ही तीन अक्षरं शब्दातल्या जागेप्रमाणे दोन उच्चार करतात. 'कोतेव' पण 'लिख्तोव', 'पोतेआख' पण 'लिफ्तोआख'. कान म्हणतो अक्षर बदललं, बदललेलं नसतं.

दुसरा याच्या उलटा: उच्चार एक, अक्षरं दोन. आजच्या बोलीत तेत-ताव, काफ-कूफ, खेत-खाफ (ख म्हटलेला काफ), आलेफ-आयिन, सामेख-सिन (स म्हटलेला शिन) यांत बहुतेकांच्या तोंडी फरक राहिलेला नाही. 'कोरे' म्हणजे 'वाचतो' आणि 'कोरे' म्हणजे 'घडतं' ('मा कोरे?' काय चाललंय?), पण पहिल्याच्या शेवटी आलेफ आणि दुसऱ्याच्या शेवटी हे. 'इम' म्हणजे 'सोबत' आयिनने, 'जर' आलेफने. देवनागरीत लिहिलेल्या वहीत हे सगळे शब्द एकच दिसतात आणि मुळं एकमेकांत कालवली जातात. म्हणून तिसऱ्या आठवड्यापासून वहीत हिब्रू लिपीच हवी, देवनागरी फक्त आघात दाखवण्यापुरती.

तिसरा, एकाच तीन अक्षरांची दोन वेगळी कुटुंबं. सामेख-पे-रेश वरून 'सेफेर' (पुस्तक), 'सिफ्रिया' (ग्रंथालय), 'मिस्पार' (आकडा), 'लेसापेर' (सांगणे). त्याच अक्षरांवरून 'सपार' (न्हावी), 'मिस्पारा' (केशकर्तनालय), 'तिस्पोरेत' (केस कापणे), आणि पुन्हा 'लेसापेर', यावेळी केस कापणे. इथे ओढूनताणून एक अर्थ जोडू नका, वहीत दोन पानं करा.

अनेकवचनाचा प्रत्यय पाहून लिंग ठरवणं हीही नेहमीची चूक. पुल्लिंगाला सहसा -इम, स्त्रीलिंगाला -ओत, पण 'शुल्खान' (टेबल, पुल्लिंगी) चं 'शुल्खानोत' आणि 'बेत्सा' (अंडं, स्त्रीलिंगी) चं 'बेत्सिम'. विशेषण खऱ्या लिंगाप्रमाणे चालतं: 'बेत्सिम ग्दोलोत', मोठी अंडी. नाम नेहमी विशेषणासकट पाठ केलं की लिंग वेगळं लक्षात ठेवावं लागत नाही. नपुंसकलिंग नाही, तेवढं ओझं कमी.

परक्या शब्दांत मूळ शोधू नका. सबोन (साबण), अनानास, 'याला' (चला), 'सबाबा' (मस्त) हे बाहेरून आलेले. पण हिब्रू परक्या शब्दालाही क्रियापद करते, तेव्हा चार अक्षरांचं मूळ दिसू शकतं: 'तेलेफोन'वरून 'लेतल्फेन' (फोन करणे). एसेमेस पाठवण्यालाही 'लेसामेस' असं क्रियापद आहे.

वही आणि रोजचा वेळ

एका मुळाला एक पान. वर तीन अक्षरं. खाली क्रियापदं, प्रत्येकाचं वर्तमानकाळी पुल्लिंगी, स्त्रीलिंगी आणि 'ल'वालं रूप. त्याखाली नामं, लिंग दाखवणाऱ्या विशेषणासकट. प्रत्येक शब्दापुढे तो कुठे ऐकला ते दोन शब्दांत (गल्ला, दवाखाना, बस) आणि एक पूर्ण वाक्य. न ऐकलेला, फक्त कोशात सापडलेला शब्द पेन्सिलने लिहा, कानावर आला की शाईने पक्का करा. पेन्सिलीचे शब्द शाईच्या शब्दांपेक्षा जास्त झाले तर नवी मुळं थांबवा आणि आठवडाभर फक्त ऐका.

वेळ रोज अर्धा तास पुरतो, पण तुकड्यांत: सकाळी दहा मिनिटं कालचे शब्द, दिवसा कामाच्या ठिकाणी ऐकलेले तीन-चार शब्द टिपून ठेवायचे, रात्री वीस मिनिटं ते तपासून पानावर चढवायचे. उजळणीला आंकीसारखं कार्डांचं ॲप चांगलं. कार्डाच्या एका बाजूला मराठी वाक्य, दुसऱ्या बाजूला हिब्रू वाक्य. एकट्या शब्दाची कार्डं करू नका.

पाटी, पत्र, पावती वाचताना

हिब्रूत 'आणि', 'की', 'मध्ये', 'पासून', 'ला', 'सारखं' आणि 'तो/ती' हा दर्शक उपसर्ग, हे सगळं एका अक्षराचं असतं आणि पुढच्या शब्दाला चिकटवून लिहितात. अशी सात अक्षरं: मेम, शिन, हे, वाव, काफ, लामेद, बेत. विद्यार्थी ती 'मोशे वेकालेव' या दोन नावांत लक्षात ठेवतात. 'वेशेबामिख्ताव' एवढा लांब शब्द दिसला की डोक्याकडून सोलायचा: वे (आणि), शे (की), बा (मध्ये), उरलं 'मिख्ताव'. मग साच्याचा मि काढा, राहिलं काफ-ताव-बेत. सोलताना घाई करू नका, कारण पहिलं अक्षर प्रत्येक वेळी उपसर्ग नसतं. 'बायित' (घर) मधला बेत त्याचा स्वतःचा आहे. सोलून उरलेल्यात तीन अक्षरंही राहिली नाहीत तर एक तर जास्त सोललं, किंवा मूळ गळक्या अक्षराचं आहे.

खात्री करायला मॉर्फिक्स हा कोश आणि पेआलिम हे क्रियापदांच्या रूपांचं संकेतस्थळ पुरेसं आहे. पेआलिमवर शब्दाचं मूळही मिळतं आणि त्या मुळाचे बाकीचे शब्दही एकत्र दिसतात, त्यामुळे वहीचं पान तपासायला ते सर्वांत सोयीचं.

इस्राएलमध्ये पोचल्यावर 'उल्पान' या भाषावर्गात जागा मिळवा. पहिला उल्पान जेरुसलेममध्ये १९४९ साली सुरू झाला आणि आज त्याच्या आलेफ ते वाव अशा पायऱ्या आहेत. प्रवेशाच्या वेळी चाचणी घेतात. मुळं येत असल्याने तुमचं वाचन बोलण्याच्या पुढे असेल आणि तुम्हाला वरच्या वर्गात घालतील. तिथे वर्गातली चर्चा झेपत नसेल तर पहिल्या आठवड्यातच एक पायरी खाली मागून घ्या, नंतर बदल करून मिळणं अवघड होतं. लोद, रामला, अश्दोद, बेएर शेवा, दिमोना या गावांत मराठी बोलणारी बेने इस्राएली कुटुंबं आहेत. एखाद्या शब्दाची छटा कोशातून उलगडत नसेल, तर तिथल्या एखाद्या आजीला मराठीत विचारता येतं आणि उत्तर हिब्रू वाक्यासकट मिळतं.